पंपाची लाइन कोणी धरलीय?

एंगेज! पुन्हा एंगेज! ताईंना वाटलं, कीबोर्ड उचलून आपटावा.

टेकडीवरचा पंप दुपारी एकला बंद व्हायला हवा होता, आणि सव्वा झाला तरी पठ्ठ्या टाकी भरतोच आहे. टाकी वाहिली की खालच्या घरांत पाणी. पंपवाला रजेवर. म्हणून पाणीखात्याच्या ऑफिसातूनच काम करायचं: राउटरला जोडलेला एक मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोन लावून देणारी पेटी, धरायचा, त्यावरून पंपाचा नंबर फिरवायचा, पलीकडून उत्तर आलं की ‘बंद’ टाइप करायचं. ताईंनी चारपैकी तीन मोडेम वापरून पाहिले. पंपाची लाइन काही मोकळी होईना.

त्यात बाबांचा फोन. खात्यातूनच निवृत्त झालेले, घर टेकडीच्या पायथ्याशी, हृदयाचं ऑपरेशन होऊन जेमतेम दोन महिने.

“पंप अजून वाजतोय. दोनशे तर पायऱ्या. चढतो नि हातानं बंद करतो.”

“बाबा, घराबाहेर पाऊल टाकलंत तर माझ्याशी गाठ आहे! दहा मिनिटं द्या.”

“बरं बाई,” बाबा म्हणाले.

मग ताईंनी शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांवर तोफ डागली. “लाइन तुम्हीच धरून ठेवलीय ना?”

“सकाळपासून मोडेमला हात लावला असेल तर शपथ! चौथ्यावर कोण आहे, बघा की.”

ताईंनी यादी काढली. चौथा मोडेम, पंपाशी जोडलेला, सकाळी नऊपासून. आणि जोडणारं टर्मिनल ताईंचंच! सकाळी पाण्याचा दाब बघितला, नि सेशन बंद न करता नुसतं मागे सारून त्या दुसऱ्या कामाला लागल्या होत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा!

“अहो, मीच धरलीय,” त्या ओशाळून म्हणाल्या.

“तोडा मग, नि फिरवा पुन्हा.”

“तोडू कशाला? उघडीच आहे ना!”

त्यांनी तेच सेशन पुढे घेतलं. पडदा कोरा. एंटर दाबलं, आणि पंपानं उत्तर दिलं. ‘बंद’. दाब भराभर उतरला. खुर्चीत मागे रेलून त्या खुदकन हसल्या. “सुटले बाई एकदाची!”

लगेच बाबांना मोबाइलवर फोन. “थांबला पंप. आता जेवून घ्या.”

“कळलं, आवाज थांबला,” बाबा धापा टाकत होते. “जरा टेकतो, मग उतरतो.”

“उतरता? किती चढलात?”

“चाळीसच गं. रागावू नकोस.”

ताई रागावल्याच, आणि रागावता रागावता त्यांना रडू कोसळलं. “तिथंच बसा,” त्या म्हणाल्या, “मी येते न्यायला.”