हा संगणक पात्र नाही

कानवाल्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. एकवीस वर्षं ते ऐकू न येणाऱ्यांना कानाची यंत्रं बसवून देत होते, त्यातली तेरा वर्षं एकाच संगणकावर. त्याला ते 'म्हातारा' म्हणत. म्हातारा सुरू होताना घरघरायचा, मध्येच दम खायचा, आणि त्याच्या घड्याळाची बटणाएवढी बॅटरी कधीच मेली होती. वीज बंद केली की त्याच्या लेखी काळच संपायचा आणि पुन्हा सुरू केला की मध्यरात्रीचे बारा वाजायचे. म्हणून रोज दुकान उघडलं की कानवाले आधी त्याला खरी वेळ भरून देत. बॅटरी बदलायला पाच मिनिटं पुरली असती. पण काही माणसं गळका नळ दुरुस्त न करता खाली बादली लावतात, त्यातले हे.

त्या दुपारी त्यांच्यामागच्या खुर्चीत त्यांची थोरली बहीण बसली होती. ताईची जुनी यंत्रं आठवड्यापूर्वी बंद पडली होती. मुलीने पाठवलेली नवी कोरी जोडी आता तिच्या कानांत होती, पण तिच्या कानाच्या हिशेबाने ती अजून जुळवायची होती. आणि चार वाजता ताईला हॉस्पिटलात डॉक्टरांसमोर बसायचं होतं. दाजींच्या डोक्यातली गाठ काढायची की नाही, ते आज ठरायचं होतं, कारण ऑपरेशनची जागा मिळाली होती ती उद्या सकाळची. दाजी बोलत होते, पण कधी काय बोलतील याचा नेम राहिला नव्हता. मुलगी उद्या दुपारशिवाय पोचत नव्हती. सही ताईचीच लागणार होती.

"डॉक्टर काय म्हणतात ते माझ्या कानाने ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही," असं तिने आल्याआल्याच बजावलं होतं.

नव्या यंत्रांचं सॉफ्टवेअर फक्त नव्या सिस्टीमवर चालायचं आणि नवी सिस्टीम म्हाताऱ्याला दारातसुद्धा उभं करत नव्हती. 'हा संगणक पात्र नाही,' असं तिने पडद्यावर स्वच्छ लिहून दाखवलं होतं. कानवाल्यांना ते स्वतःलाच म्हटल्यासारखं झोंबलं. रविवारभर ते हट्टाला पेटले, तपासणी चुकवायची युक्ती कुठून तरी हुडकली आणि पेन ड्राइव्हवरून ती सिस्टीम म्हाताऱ्याच्या गळी उतरवलीच. कुथत कुथत का होईना, चालली. त्या संध्याकाळी ते घरी कॉलर ताठ करून गेले.

आज मात्र त्यांनी कसलीही जोखीम घ्यायची नाही असं ठरवलं होतं. काम चालू असताना बाहेरून काही येऊन तडमडायला नको, म्हणून सुरुवातीलाच इंटरनेटची वायर उपटून ठेवली. सकाळभर ते दाजींजवळ बसले होते, त्यामुळे दुकान उघडायला बरोबर दुपारचे बारा झाले. घाईत म्हाताऱ्याला वेळ भरून द्यायची राहिली.

अडीचला त्यांनी ताईच्या कानांची तपासणी उरकली. पावणेतीनला बटण दाबलं. यंत्रांत माहिती भरली जाईपर्यंत दोन्ही कान पार बंद राहतात, हे त्यांनी तिला हातवारे करून सांगितलं आणि पडद्याकडे तोंड केलं.

बारा टक्के. एकोणीस. म्हाताऱ्याचा पंखा भणभणू लागला. चौतीसवर पडद्यावरची पट्टी अडली. मग ती हलली. एकेचाळीस. त्रेपन्न. त्यांनी घाम पुसला. चहा सांगावा असं मनात आलं, पण उठायचा धीर होईना. एकसष्ट.

आणि बरोबर तीन वाजता पडद्यावर एक निळी चौकट आली. 'प्रलंबित बदल पूर्ण करण्यासाठी संगणक पुन्हा सुरू होत आहे.' तिने विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. कानवाल्यांनी माउसवर हात मारला, कळा बडवल्या. पडदा काळा झाला.

रविवारी इंटरनेटवरून काहीतरी उतरवून घेऊन सिस्टीम दबा धरून बसली होती. मालक झोपलेला असताना, पहाटे तीनला, आपलं काम उरकू, असा तिचा शहाणपणा. आणि दुपारी बाराला सुरू झालेल्या म्हाताऱ्याने मध्यरात्रीपासून मोजायला घेतलं होतं. कोपऱ्यातले आकडे भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळत होते, त्यामुळे कानवाल्यांना संशयसुद्धा आला नाही. वायर लावलेली असती तर नव्या सिस्टीमने इंटरनेटवरून वेळ आपोआप नीट केली असती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती.

एक मिनिट गेलं. तीन गेली. पडदा काळाच. मध्येच तुटलं की यंत्रं निकामी होतात, ती कंपनीकडे पाठवावी लागतात, आठ-दहा दिवसांनी परत येतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मागे वळून ताईकडे बघायची त्यांची छाती होईना. तिला ऐकू येत नव्हतं, हाच तेवढा आधार. ते पडद्याशीच बोलू लागले.

"ताई, मी तुझ्याशी खोटं बोललो. हॉस्पिटलसमोरच्या त्या नव्या दुकानात या कंपनीचं काम येत नाही, असं मी तुला म्हटलं. येतं. दहा मिनिटांचं काम आहे त्यांचं. पण तू एकदा तिकडे गेली असतीस तर इकडे कशाला आली असतीस? माझी सख्खी बहीणच तिकडे जाते म्हटल्यावर गल्लीने काय समजायचं? मला वाटलं, जमेल. जमवीन मी."

पंचवीस मिनिटांनी म्हातारा शुद्धीवर आला. कानवाल्यांनी सॉफ्टवेअर उघडलं. 'यंत्र सापडत नाही.' पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांनी खुर्ची वळवली. कसं समजावून सांगावं म्हणून हात वर केले, ते तसेच राहिले.

"दहा मिनिटांचं काम होतं का रे?" ताईने विचारलं.

त्यांनी वर केलेले हात खाली घेतले.

"त्या काळ्या काचेत तुझं तोंड दिसत होतं," ती म्हणाली. "आठवडा झाला, माणसांची तोंडंच वाचतेय मी. दुसरं करते काय?" तिने दोन्ही यंत्रं काढून टेबलावर ठेवली. "आता तिकडे नेऊन होईल?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग ऊठ. डॉक्टर फोटो बघत बोलतात, मान वर करत नाहीत, आणि त्यांचं लिहिलेलं त्यांना तरी वाचता येतं की नाही कोण जाणे. तू ऐकायचं आणि माझ्याकडे तोंड करून सांगायचं. जसंच्या तसं. त्यात तुझं काही घालू नकोस."

चार वाजता डॉक्टर फोटोकडे बघत म्हणाले, "गाठ निघेल. जीवाला फारसा धोका नाही. पण ती बोलण्याच्या जागेवर आहे. वाचा जाईल, बहुधा कायमची. नाही काढली तर तीन महिने, फार तर चार."

कानवाले ताईकडे वळले. तिची नजर त्यांच्या ओठांवर होती. थोडं अडखळतील, हळूहळू सुधारेल, असं काहीतरी त्यांच्या जिभेवर तयारच होतं. ते त्यांनी गिळलं.

"गाठ निघेल. जीवाला फारसा धोका नाही. पण वाचा जाईल. बहुधा कायमची. नाही काढली तर तीन-चार महिने."

"वाचा?"

"हो."

ताई थोडा वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग तिने कागद पुढे ओढला आणि सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

"उद्या किती वाजता नेणार, विचार."

"सकाळी सात," डॉक्टरांचं उत्तर त्यांनी सांगितलं.

"म्हणजे आज बोलतील." ती उठली. "ते तोंडातल्या तोंडात बोलतात, मला ओठ कळत नाहीत त्यांचे. तू त्यांच्या उशाशी बस. काय बोलतात ते सगळं सांग मला. वेडंवाकडं बोलले तरी सांग."

तेव्हा कुठे कानवाल्यांना आपण काय करून बसलो ते पुरतं कळलं. दाजींचा आवाज आजच्यापुरता उरला होता, आणि तो तिला आता कधीच ऐकू येणार नव्हता. तो ऐकायचा होता त्यांनी. त्यांना तिथेच बसून रडावंसं वाटलं, पण ताई दारापाशी थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

दाजी जागे होते. बायकोकडे बघून ते काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणाले?" ताईने विचारलं.

"विचारतायत," कानवाले म्हणाले, "आता तुला नीट ऐकू येतं ना."