पुतळाबाई आली की कॉम्प्युटर बंद

ग्रामपंचायतीच्या खिडक्यांना पन्नासएक माणसं चिकटली होती. आत कॉम्प्युटर चालू, त्याच्या सीपीयूला लाल कापड गुंडाळलेलं, समोर धूप जळतोय आणि दारात पुतळाबाई उभी. हिरामण भगताने बोट वर केलं. "बघा आता!" आठ मिनिटांत पडदा काळा झाला. ट्यूब जळत होती, पंखा फिरत होता, कॉम्प्युटर तेवढा बंद.

"बघितलात?" भगत गरजला. "हिच्या पाठीशी बुडालेला नवरा उभा हाय! पाण्यातला जीव, त्याला करंट चालत न्हाय!"

विजेचं एवढं सखोल ज्ञान मला तीस वर्षं विज्ञान शिकवूनही झालं नव्हतं. लोकांनी मात्र हात जोडले.

पुतळाबाईला हवा होता एक रहिवासी दाखला. तिच्या लेकीचा, प्रांजलीचा, नर्सिंगला नंबर लागला होता. गुरुवारी पाचपर्यंत दाखला पोचला नाही तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती, आणि दाखला आमच्याच पंचायतीतून निघणार होता. सोमवारी बाई मासे विकून दुपारी आली, कॉम्प्युटर बंद पडला. मंगळवारीही तेच. ऑपरेटर सीतारामने घाबरून भगताला बोलावलं. भगताने उतारा सांगितला: बाई दिसली रे दिसली की सीपीयूला लाल कापड गुंडाळायचं आणि धूप लावायचा. हा बुधवार त्या उताऱ्याचा होता.

गर्दी पांगल्यावर बाईने मला गाठलं. "मास्तर, तुमी तरी सांगा यांना. माज्या मानसानं जित्तेपनी कोनाला तरास दिला न्हाय, आता कशाला दील?"

"मशीनचाच बिघाड असणार गं," मी म्हणालो आणि जेवायला घरी गेलो. भगताची मला मजा वाटत होती. त्याची आज लाज वाटते.

गुरुवारी बाईला फाटकातूनच हाकललं. बाजारात तिच्या पाटीला कोणी हात लावला नाही. पाच वाजून गेले.

शुक्रवारी मी रेवदंड्याहून रुबिनाला आणलं. ती कॉम्प्युटर दुरुस्त करते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकींना घरीच राहू दे. कापड तसंच ठेवा."

कॉम्प्युटर सुरू केला. आठ मिनिटांत बंद.

"आता कोण आलं होतं?" तिने विचारलं.

"बाधा मुरली हाय आत," दारात येऊन उभा राहिलेला भगत म्हणाला.

"मग काढू या की!"

तिने लाल कापड सोडलं. खाली प्लास्टिकचं कव्हर निघालं. खारी हवा लागू नये म्हणून आपल्याकडे टीव्हीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं झाकतात. सीतारामने चालू सीपीयूही झाकला होता. आत दमट धुळीचा थर साचला होता आणि छोटा पंखा रखडत फिरत होता.

"याची गरमी बाहेर जायला वाट नाही," रुबिना म्हणाली. "फार तापलं की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. सकाळी दहाला लावलेलं दुपारपर्यंत तापतं, आणि काकी येतात दुपारीच. वरून तुम्ही कापड गुंडाळलंत, मग आठ मिनिटंच पुरली."

म्हणजे बाईला पाहून जो उतारा केला, त्यानेच कॉम्प्युटर आणखी लवकर बंद पडला होता.

रुबिनाने धूळ काढली, नवा पंखा बसवला आणि पुतळाबाईला बोलावून मशीनला खेटून बसवलं. दोन तास कॉम्प्युटर बिनतक्रार चालला. भगत मधेच कधी सटकला कळलं नाही. सीतारामने मान खाली घालून दाखला छापून दिला. प्रांजलीने कॉलेजला फोन लावला. जागा सकाळीच भरली होती.

"आता याचा काय करू, मास्तर?" पुतळाबाईने दाखला माझ्यापुढे धरला. मला तिच्याकडे बघवेना.

रुबिना हत्यारं आवरत होती. "सर, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना, की हे थोतांड आहे?"

"हो."

"मग काल का नाही आलात?"

प्रांजली हल्ली कोळंबी सोलायला जाते. म्हणून सांगतो. मशीन बंद पडलं तर उघडून बघा. कोणी एखाद्या बाईवर बोट ठेवलं, तर ती नसताना तेच घडतं का, एवढं तपासा. आणि शंका आली तर माझ्यासारखी घरी घेऊन जाऊ नका. तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारा.