हवालदारांच्या छातीवरचा कॅमेरा

हवालदारांना त्या कॅमेऱ्याचा पहिल्या दिवसापासून राग होता. साबणाच्या वडीएवढी डबी, पण ऐट केवढी! वरून हुकूम आला होता, ड्युटीवर असेपर्यंत ती प्रत्येकाच्या छातीवर चालू पाहिजे. का, तर पोलीस लोकांशी कसे वागतात ते दिसावं. "म्हणजे चोर मोकळे आणि पाळत आमच्यावर!" हवालदार म्हणाले, आणि चौकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात आणखी एक नियम. कोणीही नाव विचारलं तर पोलिसाने ते सांगायचं. घ्या आता!

बरं, डबीला बटण एकच. दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. चालू असली की बारीकसा लाल दिवा लागतो, पण आपल्याच छातीवरचा दिवा बघायला मान किती वाकवणार माणूस? हवालदार सकाळी निघताना एकदा बटण दाबायचे आणि संध्याकाळी शर्ट स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवताना एकदा. हिशोब चोख होता. पण एका सुट्टीच्या दिवशी बायकोने इस्त्रीसाठी शर्टावरून डबी काढली आणि तिचा अंगठा नेमका बटणावर पडला. झालं! तेव्हापासून सगळी गाडी उलटी. ड्युटीभर कॅमेरा गाढ झोपलेला आणि घरी आल्यावर खुंटीवरून टकामका बघणारा. दोघांनाही याचा पत्ता नव्हता.

त्याच आठवड्यात गॅरेजवाल्या मेकॅनिकचं प्रकरण झालं. फुटपाथवर त्याच्या दोन मोटरसायकली उभ्या होत्या. हवालदार ओरडले, "हटव!" तो हटवायला लागलाही. फक्त जाता जाता म्हणाला, "साहेब, तुमचं नाव काय? नावाची पट्टी दिसत नाहीये." आता पट्टी कशी दिसणार, तिच्यावरच कॅमेरा लावला होता. पण हवालदारांचं डोकं सटकलं. हा कालचा पोरगा मला नाव विचारतो? आणि हात उठला.

मेकॅनिकने तक्रार केली. कोणी साक्षीला आलं नाही. खुद्द त्याच्या थोरल्या भावाने त्याला सुनावलं, "तूच काहीतरी आगाऊपणा केला असशील."

इकडे हवालदार सुनावणीचे दिवस मोजू लागले. इतक्या वर्षांनी बढती दारात आली होती आणि कॅमेऱ्यात ती थप्पड असणार म्हणजे असणारच. सुनावणी नव्या नागरिक समितीसमोर होती. मधल्या खुर्चीवर शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं तरी माणसाला आपला गृहपाठ आठवावा. चौकीचे साहेब मागच्या बाकावर बसले होते.

"त्या दिवशीचं ड्युटीवरचं चित्रणच नाही," बाई म्हणाल्या. "कॅमेरा बंद होता."

हवालदारांच्या जिवात जीव आला. नुसता जीव नव्हे, जोरही आला. "मशीनच भंगार आहे, बाई! आणि मी तर या माणसाला हातही लावला नाही. उगाच बदनामी चाललीय."

मेकॅनिकने हेल्मेट मांडीवरून उचलून खाली ठेवलं.

"पण संध्याकाळचं आहे," बाई म्हणाल्या, आणि भिंतीवरचा टीव्ही सुरू झाला.

अरे देवा! टीव्हीवर हवालदारांचं स्वयंपाकघर. हवालदार बनियनवर, कांदा चिरत, डोळे पुसत आणि भसाड्या आवाजात गात. मध्येच त्यांनी उलथणं तोंडाजवळ धरून एक तान घेतली. समितीतल्या शिंप्याने रुमाल तोंडात कोंबला. मागून साहेबांचं खुसखुसणं ऐकू आलं. हवालदारही ओशाळून हसले. हसता हसता त्यांना आठवलं की ही कुठली संध्याकाळ, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

टीव्हीत बायको आत आली. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अहो, गाणं म्हणताय पण तोंड का पडलंय? काय झालं? कोणाला मारलंत की काय?"

बाईंनी चित्र थांबवलं.

"हे तर तुमच्या घरातलं निघालं," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे तुमची परवानगी नसेल तर पुढचं आम्ही बघणार नाही. अजून कोणी बघितलेलंही नाही. काय करू?"

साहेबांनी मागून खाकरून इशारा केला. नाही म्हण, म्हणजे विषय संपला. बढती हातात. एका शब्दाचं काम होतं.

हवालदारांनी टीव्हीकडे बघितलं. बायको तिथेच थांबली होती, कंबरेवर हात, उत्तराची वाट बघत. त्या संध्याकाळी तिला उत्तर मिळालं होतं. "मारली एक. त्याची काही चूक नव्हती," असं हवालदार म्हणाले होते. तिच्यासमोर खोटं बोलता आलं नव्हतं, आणि इथे चारचौघांत मात्र धडधडीत बोलून मोकळे झाले होते. हवालदारांना स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

मेकॅनिक उठला. हेल्मेट घेऊन तो दाराकडे निघाला. पुढे काय होणार ते त्याला माहीतच होतं.

"थांब रे," हवालदार म्हणाले. मग बाईंकडे वळले. "ते लावू नका. माझ्या घरातलं आहे. मीच सांगतो. मी याला मारलं. याने फक्त नाव विचारलं होतं."

साहेबांनी कपाळावर हात मारला. बढतीचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. बाईंनी मेकॅनिकला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे? काय हवंय तुम्हाला?"

मेकॅनिक दारातच उभा होता. "मी त्या दिवशी विचारलेलं," तो म्हणाला. "तेवढंच."

हवालदारांनी छातीवरची डबी काढून टेबलावर ठेवली. खालची पितळी पट्टी मोकळी झाली. पण ती वाचायला लावायची नाही, असं त्यांनी ठरवलं. ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश, नीट ऐकू जाईल असं.

मेकॅनिकने मान हलवली आणि जाताना थोरल्या भावाला फोन लावला.