गॅरेजचं माप

"बाबा, आपल्याकडे गाडीच नाही, मग हे गॅरेज कोणासाठी?"

तोंड माझं होतं, प्रश्न मात्र भोंगा आणि सुईचा. या माझ्या दोन मैत्रिणी. भोंगा कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीला ऐकू जातं. सुई बोलते कमी, टोचते जास्त. शाळेतून येताना आमच्या परसातल्या पांढऱ्या रेघा बघून भोंगा म्हणाली होती, "अगं, भुताची गाडी लावणार की काय इथे?" आणि सुई म्हणाली, "विचार की वडिलांना! प्रदर्शनात शाळेचा बंद पंखा फिरवल्यापासून जमिनीवर पाय नाहीत ना तुझे? मग रेघांच्या आत उभी राहून विचार. बघू तरी."

आता अशा वेळी माघार घेणारी मी नव्हेच. पंखा फिरला तेव्हा अख्ख्या हॉलने टाळ्या पिटल्या होत्या, आणि तेव्हापासून मला एकच ध्यास लागला होता. परसात त्या गॅरेजमध्येच जे वर्कशॉप होणार होतं, ते मला हवं होतं. माझं टेबल, माझे पान्हे, माझा पसारा! पण मागायचं कसं? त्या जागेबद्दल बोलताना घरात सगळ्यांचाच आवाज खाली यायचा.

बाबा उकिडवे बसून रेघ सरळ करत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"आधी बाहेर जा. भिंतीतून आलीस तू."

भिंत! कुठली भिंत? चार खुंट्या, ताणलेली सुतळी आणि जमिनीवर चुन्याची फक्की. पण आमच्याकडे ती रेघ कोणी ओलांडत नसे. आई चहा द्यायची तोही वळसा घालून, खिडकीसाठी सोडलेल्या जागेतून हात लांबवून. मीही निमूट मागे फिरले आणि दारातून आत आले. तोवर प्रश्न पार थंड झाला होता.

आमचे बाबा शिंपी आहेत. माप घेतल्याशिवाय ते उशीचा अभ्रा शिवत नाहीत, आणि एकदा घेतलेलं माप जन्मात विसरत नाहीत. गॅरेजचा नकाशाही त्यांनी कटिंगच्या खाकी कागदावर, शिंप्याच्या खडूने काढला होता. तो बघून गवंडीकाकांना हसू आवरेना.

"मास्तर, भिंतीला काजं-बटणं लावू की चेन?"

"तुम्ही सरळ उभी करा, इस्त्री मी मारतो," बाबा म्हणाले.

"बरं, पण घराला लागून घेतलं तर एक भिंत वाचेल की. मधे एवढी जागा कशाला सोडलीत?"

"नको. सुटंच हवं. ठोकाठोकीचा आवाज घरात येतो."

"पण ठोकणार कोण?"

बाबांनी खडू कानावर अडकवला आणि कागदाची घडी घातली. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असलेली आई आत निघून गेली.

आमच्या घरात ठोकाठोक एकच जण करायचा. दादा. त्याने कुठूनतरी एक मोडकी गाडी ओढत आणली होती, तिचं नाव म्हातारी. शाळा सुटली की हा तिच्याखाली. काम सुरू करण्याआधी तिच्या टपावर पान्ह्याने टक, टक, टक करायचा आणि म्हणायचा, "ऊठ गं म्हातारे!" आतून आई ओरडायची, "अरे, डोकं उठलं माझं! ने ती ठोकाठोक कुठेतरी लांब!" मग एका हिवाळ्यात त्याला ताप आला. दवाखान्यात नेलं, आणि तो परत आला नाही. बाबांनी म्हातारी भंगारात देऊन टाकली. तिच्याखालचा तेलाचा काळा डाग तेवढा राहिला. तिथे अजून गवत उगवत नाही.

गॅरेजच्या रेघा बरोबर त्या डागाभोवती होत्या. मी रोज बघत होते, पण डोक्यात काही शिरत नव्हतं.

आणि एक सांगू? हसू नका. त्या बाजूने संध्याकाळी अजून टकटक येते. त्या दिवशीही आली. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. टक. टक. टक. आईचा घास हातातच राहिला.

"मांजर असेल," बाबा म्हणाले.

"मांजरच," आई म्हणाली.

मांजर माझ्या मांडीवर होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर रेघांच्या आत विटांची चळत रचून बाबांनी त्यावर एक फळी ठेवली होती. कामाच्या टेबलाची ट्रायल! कच्चा टाका घालून बघितल्याशिवाय पक्की शिवण घालायची नाही, हा त्यांचा नियम. मला राहवतंय होय? आजीच्या वेळचं बंद पडलेलं घड्याळ आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मी गेले. दारातून गेले बरं का.

फळी माझ्या छातीला लागत होती. टाचा उंचावून मी घड्याळ पालथं घातलं. ऊन तिरपं झालं होतं आणि उजवीकडून, खिडकीसाठी सोडलेल्या जागेतून येत होतं. स्क्रूला हात घातला की माझ्याच हाताची सावली त्यावर पडायची. काही दिसेना. मान वाकडी केली, कोपर वर केलं, उपयोग शून्य. बाबांनी एवढी मोठी चूक केली? ज्यांच्या कापडाला सुताचाही फरक पडत नाही, त्यांनी?

वैतागून स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात घेतला. सावली गेली. स्क्रू लख्ख दिसला. आणि माझा तो वेंधळा डावा हात, ज्याला साधी बादली धड उचलता येत नाही, त्याने तो गंजका स्क्रू लोण्यातून काढावा तसा काढला.

दादा डावखुरा होता. दादा उंच होता.

मग आणखी एक लक्षात आलं. आमच्या वयाच्या पोरांचे कपडे बाबा नेहमी वाढत्या अंगाचे शिवतात. आत दुमडून वाढ सोडतात. इथे वाढ सोडलेली नव्हती; फळी नेमकी दादाच्या कोपराइतकी होती. ज्याचं अंग आता वाढणार नव्हतं, त्याचं हे माप होतं.

"भिंगरी, हात कापशील," मागून बाबा म्हणाले. ते दारातच थांबले होते. गळ्यात टेप.

"बाबा, हे माप दादाचं आहे."

ते आले आणि फळीवरून त्यांनी हात फिरवला, कापडाची सुरकुती काढावी तसा. "त्याच्या कोपराला बरोबर येतं. खिडकी घराकडे ठेवली नाही, आवाज नको म्हणून." फळीवरची विटेची भुकटी त्यांनी झटकली. "वाटलं, जागा तयार असली तर..."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला. "मीच म्हटलं होतं ना त्याला, लांब ने म्हणून." तिने गज घट्ट धरले होते. "आता रोज कान लावून बसते मी."

कुंपणापाशी भोंगा आणि सुई येऊन उभ्या होत्या. भोंगासुद्धा गप्प होती, म्हणजे बघा.

मला खूप रडायला येत होतं. पण रडले असते तर तिथे दादाच्याच मापाच्या पक्क्या भिंती उभ्या राहिल्या असत्या, आणि आम्ही तिघं जन्मभर त्या खोलीला वळसा घालत राहिलो असतो. मी बाबांच्या गळ्यातला टेप काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"माझं ठरलंय," मी म्हणाले, आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. "वर्कशॉप मी घेणार. बाबा, माझं माप घ्या. टेबल माझ्या कोपराला आलं पाहिजे, आणि वाढ सोडा, मी अजून उंच होणार आहे. तेलाच्या डागावर फरशी घालायची नाही, तो तसाच राहील. आणि खिडकी डावीकडे, आईच्या खिडकीच्या अगदी समोर. आई, मी रोज ठोकणार. तुझं डोकं उठलं तर तू ओरडायचंस, पण लांब जा म्हणायचं नाही."