चादरीवरचं न्यूरेंबर्ग

बाबा आईला मारताना कधी आवाज चढवत नसत. त्यामुळे कतारमधल्या दुखानच्या वसाहतीत ते सौम्य माणूस म्हणून ओळखले जात, आणि ही ओळखच आईच्या जिवावर उठली होती.

१९७९ साली कंपनीनं त्यांना ट्रेनिंगसाठी जर्मनीला, न्यूरेंबर्गला पाठवलं. परत आले ते स्लाइड्सचे डबे आणि प्रोजेक्टर घेऊन. दुखानमध्ये तेलविहिरी, समुद्र आणि एकमेकांची घरं सोडली तर जायला जागा नव्हती. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आपली माणसं आमच्याकडे न्यूरेंबर्ग पाहायला यायची. नंदूकाका आणि नीतामावशी नाशिकचे, मुनाफकाका आणि हजरामावशी रत्नागिरीचे. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर. पाहुण्यांच्या पाठीमागे टेबलावर प्रोजेक्टर, त्याच्या बाजूला स्टुलावर आई, आईच्या मागे उभे बाबा. मी खाली गालिच्यावर, आईच्या पायांशी.

बाबा बोलायचे फार छान. टेकडीवरचा किल्ला, चौकातलं कारंजं, त्याच्या जाळीतली सोनेरी कडी. ती फिरवून काही मागितलं तर मिळतं म्हणे. "तुम्ही काय मागितलंत, मधुभाऊ?" नीतामावशीनं एकदा विचारलं. बाबा म्हणाले, "मी म्हटलं, बायकोला थोडी अक्कल दे." सगळे हसले. आईही हसली.

प्रोजेक्टरमध्ये स्लाइड उलटी घालावी लागते, तेव्हा चित्र सुलटं दिसतं. पहिल्या शुक्रवारी आईनं एक स्लाइड सुलटी घातली आणि चर्चचे दोन्ही मनोरे छतावरून लोंबकळल्यासारखे दिसले. पाहुणे गेल्यावर बाबांनी प्रोजेक्टर पुन्हा चालू केला, तापू दिला आणि आईचा तळवा त्याच्या पत्र्यावर दाबून धरला. "असं लक्षात राहतं," ते म्हणाले. सासर-माहेरची विचारपूस करावी तसा स्वर. पुढच्या शुक्रवारी हाताला पट्टी होती. "चहा सांडला," आईनं सांगितलं.

त्यानंतर आई कधी चुकली नाही. पण चूक हवीच होती असं नाही. चित्र जरा उशिरा आलं, फोकस हलला, की अंधारात बाबांचा हात तिच्या मानेवरून दंडाच्या आतल्या बाजूला जायचा आणि नखं रुतायची. कधी मुठीचं हाड बरगडीवर बसायचं. तोंडानं वर्णन चालूच. "हे शहर एका रात्रीत बाँबनी जमीनदोस्त झालं. आणि त्यांनी पुन्हा दगडावर दगड रचून होतं तसं उभं केलं. कळतसुद्धा नाही." पंख्याच्या घरघरीत आईचा आत ओढलेला श्वास ऐकू यायचा तो मला. पाहुण्यांची तोंडं न्यूरेंबर्गकडे असायची.

सगळ्यांत आवडीनं ते दाखवत फाशी देणाऱ्याचं घर. नदीवर, पुलाला लागून. त्याला गावात राहायची परवानगी नव्हती, कुणी त्याच्या पंगतीला बसत नसे. मग टाउन हॉलखालचं तळघर. वर मेजवान्या चालायच्या आणि खाली माणसांचे सांधे निखळवायचे. "वरच्यांना ऐकू जायचं नाही?" मुनाफकाकांनी विचारलं होतं. "भिंती जाड होत्या," बाबा म्हणाले.

त्या हिवाळ्यात आईची बरगडी मोडली. बाथरूममध्ये घसरली, असं डॉक्टरला सांगितलं गेलं. आईला मला घेऊन पुण्याला जायचं होतं. पण आमचे पासपोर्ट बाबांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. कंपनीनं परवानगी दिल्याशिवाय देशाबाहेर पाऊल पडत नव्हतं, आणि कंपनी विचारणार होती बाबांना. कुणीतरी आईच्या बाजूनं बोलणारं हवं होतं.

तिनं नीतामावशीला सांगून पाहिलं. मी तिथेच होते.

"मधुभाऊ? काहीतरीच!" नीतामावशी म्हणाली. "अगं, आमचे हे मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेतात. तुझे तर 'विभा, जरा पाणी देतेस का' म्हणून मागतात. तुला इथं एकटं वाटतंय, दुसरं काही नाही."

आईनं तिला चहा दिला. परत तो विषय काढला नाही.

पुढच्या शुक्रवारी दुपारी बाबा क्लबवर गेल्यावर आईनं पडदे ओढले, चादर लावली आणि प्रोजेक्टर सुरू केला.

"अंजू, इथं उभी राहा. या लाल फुलावर."

गालिच्यावरच्या फुलावर मी उभी राहिले. प्रकाश माझ्या कानशिलावर आला.

"हात वर कर. बोटं पसर."

चादरीवर माझा हात ढगासारखा पसरट दिसत होता. आईनं टेबल मागे सरकवलं. पुन्हा पाहिलं. आणखी सरकवलं, पार भिंतीला टेकवलं. मला वाटलं खेळ आहे. मी हरीण केलं, कुत्रा केला. ती हसली नाही. चादरीवर माझं एकेक बोट सुटं, स्वच्छ दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, "बस. आता नीट दिसतंय." मग टेबल का हलवलं असं बाबांनी विचारलंच तर काय सांगायचं, तेही तिनं मला सांगितलं: वायरला पाय लागतो म्हणून.

त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी सगळे आले. चिवडा झाला, दिवे गेले. किल्ला आला, कारंजं आलं. फाशी देणाऱ्याच्या घराची पाळी आली आणि ते उलटं आलं. वर नदी, खाली छप्पर.

"मधुभाऊ, जर्मनी शीर्षासन करतंय!" नंदूकाका ओरडले.

हशा झाला. बाबाही हसले. "आमच्या मॅडमना नवीन काहीतरी दाखवायचंय," ते म्हणाले आणि त्यांचा हात आईच्या मानेकडे गेला. पण आई तिथे नव्हती. ती उठून पुढे आली आणि लाल फुलावर उभी राहिली. उलट्या नदीच्या मधोमध तिची काळी सावली पडली, अंबाड्यासकट.

"विभा, इकडे ये," बाबा हळूच म्हणाले.

"आज असंच पाहू," आई म्हणाली. "मला उलटंच दिसतं हे गाव."

बाबा दोन पावलं पुढे आले. पाहुणे समोर पाहत होते, अंधार होता, पंखा घरघरत होता. नेहमीचंच होतं सगळं. त्यांनी हात उगारला.

चादरीवर तो हात छपरापासून नदीपर्यंत गेला. पाची बोटं दिसली. मग ती सावली आईच्या सावलीच्या कानशिलावर आदळली आणि अंबाडा एका बाजूला फेकला गेला. दुसऱ्या सावलीनं तो धरून मान मागे ओढली आणि पुन्हा मारलं. त्याच कानावर. सगळं चित्रातच घडत होतं, आणि आवाज मात्र पाठीमागून येत होता. हजरामावशी किंचाळली. नंदूकाकांनी धडपडत दिवा लावला.

आई गुडघ्यांवर होती. कानातून रक्ताची रेघ ब्लाउजपर्यंत आली होती. बाबांच्या मुठीत तिचे केस होते. त्यांनी मूठ उघडली.

"अरे, घाबरलात की काय?" ते हसून म्हणाले. "तळघरात कसं चालायचं त्याचं प्रात्यक्षिक! विभा, ऊठ. सांग त्यांना, नाटक होतं."

नंदूकाका अर्धवट हसले. त्यांना ते खरं मानायचं होतं, हे मला तेव्हाही दिसलं. आईनं फक्त नीतामावशीकडे पाहिलं.

नीतामावशीच्या हातात चिवड्याची बशी होती. ती खाली ठेवायला तिला वेळ लागला.

"मी पाहिलं," ती म्हणाली.

"नीता, तू यात पडू नकोस," नंदूकाका म्हणाले.

"तुम्हीपण पाहिलंत. उद्या ऑफिसात विचारलं तर तुम्हीपण सांगणार आहात."

हजरामावशी आईजवळ बसली होती, ओढणीनं कान दाबून. "चल गो बाय, चपला घाल. पोरीला घे."

"हा आमच्या घरातला प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

"घरातला होता," मुनाफकाका म्हणाले. "आता आम्ही सगळ्यांनी बघितला. पासपोर्ट द्या, मधुभाऊ."

तेव्हा बाबांनी प्रोजेक्टर उचलला. वायर ताणून तुटली, स्लाइड्स सांडल्या. तो त्यांनी डोक्यावर नेला आणि ते आईकडे वळले. मुनाफकाकांनी त्यांचं मनगट धरलं. दोघं टेबलावर कोसळले. काच फुटली, तापलेला पत्रा बाबांच्या गालाला लागून मांस जळल्याचा वास आला. पहिल्यांदा बाबा मोठ्यानं ओरडले. मुनाफकाकांनी त्यांची कॉलर पकडून त्यांना खाली दाबलं तेव्हा सदरा फाटला, जानवं तुटलं आणि किल्ली गालिच्यावर माझ्यासमोर पडली.

"अंजू," बाबा म्हणाले. आवाज पुन्हा मऊ झाला होता. "शहाणी ना तू? दे इकडे."

मी ती आईच्या हातात दिली. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

स्लाइड्स तुडवत आम्ही बाहेर पडलो.

पुढे मी त्या शहराबद्दल बरंच वाचलं. युद्धानंतर तिथे नाझी नेत्यांवर खटला चालला. छावण्यांत काय झालं ते आरोपींसमोर, भर न्यायालयात पडद्यावर दाखवलं गेलं. बाबांच्या डब्यात त्याची एकही स्लाइड नव्हती, आणि आईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं स्वतःच टेबल सरकवून, बोटं सुटी दिसेपर्यंत फोकस जमवला होता.

मुनाफकाका आम्हाला त्यांच्या गाडीतून दोह्याला, हजरामावशीच्या बहिणीकडे घेऊन निघाले. तेलविहिरींवरच्या गॅसच्या ज्वाळा मागे राहिल्या. कानाला ओढणी धरून आई खिडकीशी बसली होती. मी तिच्या डावीकडे. मी विचारलं, दुखतंय का? ती बाहेर पाहत राहिली. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा दंडाला हात लावला तेव्हा ती दचकली, मग मला उचलून तिनं पलीकडे, खिडकीच्या बाजूला बसवलं.

"या बाजूनं बोल," ती म्हणाली.

तो कान परत आला नाही. गेल्या महिन्यात पुण्याच्या हॉस्पिटलात नर्सनं माझी खुर्ची आईच्या खाटेच्या डावीकडे ठेवली होती. मी ती उचलून उजवीकडे आणली आणि शेवटपर्यंत तिथेच बसून बोलत राहिले.