तिसरा चष्मा

तिनं नवा चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि हळूच सांगितलं की यातूनही नीट दिसत नाही. महिनाभरात बनवलेला हा दुसरा. पुन्हा तक्रार घेऊन यायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण न येऊन चालणार नव्हतं. ती रफूचं काम करायची, आणि टाके उघड दिसतात म्हणून गेल्या आठवड्यात दोन कोट परत आले होते. मालकीणबाई स्वभावानं चांगल्या, पण त्यांनीही सांगून टाकलं होतं की सोमवारपर्यंत डोळ्यांचं बघा, नाहीतर मला दुसरी कारागीर बघावी लागेल. काम गेलं की भाड्याची खोली जाणार. मग ज्या दोन घरांतून ती जीव मुठीत धरून बाहेर पडली होती, त्यांतल्याच एकाचं दार ठोठावावं लागणार.

चष्मेवाल्या बाई साठीच्या, जरा फटकळच. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जडशीळ चौकट चढवली आणि भिंगं बदलत विचारायला लागल्या, पहिलं बरं की दुसरं? ती पटापट उत्तरं देत होती. एकदाही अडखळली नाही.

"शाळेत पहिला नंबर असणार तुमचा," बाई म्हणाल्या. "आत्ता दोन्ही वेळा मी एकच भिंग घातलं होतं."

ती लगेच म्हणाली, "चुकलं माझं."

"ताई, तुम्ही अक्षरं बघतच नाही. माझं तोंड बघताय."

खरंच होतं ते. नवऱ्याकडे नऊ वर्षं, आणि नंतर ज्याला देवमाणूस समजली त्याच्याकडे तीन. प्रश्न कुठलाही असो, उत्तर समोरच्याच्या भुवयांत शोधायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. उत्तर चुकलं की काय होतं, ते तिच्या वाकड्या जुळलेल्या मनगटाला ठाऊक होतं.

बाईंनी जास्त काही विचारलं नाही. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, तिथूनच हात पुढे करून भिंगं बदलायला लागल्या. आता समोर फक्त उजळलेली अक्षरं होती.

"डोळे तुमचे आहेत. मला काय कळणार? पहिलं की दुसरं?"

बघायला कुणाचा चेहराच नव्हता. तिला भीती वाटली. मग दुसरं काही करता येईना म्हणून तिनं अक्षरांकडे बघितलं. शेवटच्या ओळीतल्या एका अक्षराची कड जराशी फाटल्यासारखी दिसत होती.

"परत दाखवा."

बाईंनी दाखवलं.

"अजून एकदा."

तिचे खांदे आपोआप वर चढले. चौकटीत भिंग बसल्याचा बारीकसा आवाज आला, बाकी काही नाही.

"पहिलं," ती म्हणाली. "नाही, थांबा. घाई करू नका. मला बघू द्या."

बाई थांबल्या.