गंगाजळीचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना लाकडी तक्ता आहे. तक्त्याला कसला आलाय राग, असं तुम्हाला वाटेल. पण मी एका माणसावर कित्येक वर्षं डूख धरून आहे, आणि ते सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

सुताराने मला पातळ फळीतून घडवलं आणि एका मोठ्या बँकेच्या कचेरीत टांगलं. देशाने अडीअडचणीसाठी साठवलेलं परदेशी चलन आणि सोनं म्हणजे त्याची गंगाजळी. ती दरवर्षी किती वाढली, किती आटली, ते माझ्यावर दिसे. लाल दोरा आमच्या देशाचा, निळा शेजारच्या देशाचा. आकडे सांभाळणाऱ्या ताई वर्षअखेरीला आधी माझी धूळ पुसायच्या. मग गिरमिटाने आरपार भोक पाडून त्यात खुंटी बसवायच्या आणि दोरा पुढे ओढायच्या. दोन्ही देश एका नजरेत कळतात, असं लोक म्हणत. मी फुगून जायचो.

मग सलग तीन वर्षं आमची गंगाजळी आटली आणि शेजाऱ्यांची वाढली. परदेशी पाहुणे येणार होते, त्या सकाळी बँकेचे मोठे साहेब माझ्यासमोर उभे राहिले.

"ताई, लाल दोरा जरा वर घ्या. पाहुण्यांसमोर नाक कापलं जाईल."

"साहेब, गंगाजळी खाली गेलीय, तर दोरा वर कसा घेऊ? आज लपवलं, तर खर्च कुणी आवरणार नाही. मग उद्या परदेशातून औषधं कशी आणायची?"

साहेबांनी ताईंना बाहेरच्या कामाला पिटाळलं. स्वतः तीन खुंट्या उपटल्या, वर नवी भोकं पाडून ठोकल्या. पाहुण्यांसोबत माझ्यापुढे हसत फोटो काढला. ताई परतायच्या आत मी अडगळीत होतो.

पुढे खरंच औषधांची टंचाई झाली. चौकशी लागली. साहेब तो फोटो पुढे करून म्हणाले, "तक्ता ताईंकडे असायचा." ताईंची नोकरी गेली. मला कोण विचारतो?

अडगळीत मी धुमसत राहिलो. वाळवी आली तेव्हा मनात म्हटलं, बाई, हवं ते खा, फक्त ताईंची ती तीन भोकं सोड.

साहेबांच्या निरोपसमारंभाला त्यांनीच मला मागवलं. ताईंची लबाडी आपण पकडली, हे मिरवायची हौस, दुसरं काय! भिंतीवर खिळा नव्हता, म्हणून शिपायाने मला खिडकीला टेकवलं. सत्काराचं भाषण ऐन रंगात आलं आणि पश्चिमेचं ऊन माझ्या पाठीवर पडलं. लाल दोऱ्याखाली तीन ठिपके लखलखले, एकापुढे एक, खाली उतरत गेलेले.

साहेबांच्या जागी आलेल्या बाई जवळ आल्या. त्यांनी माझ्यावर आखलेल्या रेघा बोटाने मोजल्या.

"ही तर खरी गंगाजळी. ताईंनी बरोबर लावलं होतं. मग खुंट्या हलवल्या कुणी?"

"फोटोच्या दिवशी ताईंना साहेबांनीच बाहेर पिटाळलं होतं," शिपाई म्हणाला. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. ते गुच्छ तोंडापुढे धरून दाराकडे सरकले. मित्रांनो, ती माघार मी अगदी पोटभर पाहिली.

बाईंनी ताईंना मानाने परत बोलावलं. ताईंनी मला पुसलं आणि तिन्ही खुंट्या जागेवर आणल्या. साहेबांची वरची भोकं तेवढी उघडी राहिली. सुतार त्यांत लांबीचा लगदा भरून ती बुजवायला निघाला आहे.

माझी एवढीच विनंती आहे. मला पुसा, वाळवीपासून जपा, पण ती भोकं बुजवू नका. साहेबांना मी अजून माफ केलेलं नाही.